कमावता माणूस गेल्यावर : पुण्यातल्या एका घराची फाइल

पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत भाड्याची एक खोली. घरात ३४ वर्षांची बाई, तिची ६८ वर्षांची सासू, आठवीतली मुलगी आणि ७ वर्षांचा मुलगा. मूळ गाव लातूर जिल्ह्यात. नवरा इमारतींवर रंगकाम करायचा. कावीळ झाली, यकृत निकामी झालं आणि ऑगस्टमध्ये तो ससूनला वारला, तेव्हा वय ३९. बाई चार घरची धुणीभांडी करते. तीन घरांचे दोन-दोन हजार आणि चौथ्याचे दीड, असे महिन्याला ७,५०० रुपये. त्यातले ३,५०० खोलीच्या भाड्याला जातात. शिवाय मायक्रोफायनान्सची दोन कर्जं, ज्यांना वस्तीत सगळेच ‘गटाचं कर्ज’ म्हणतात, आणि शेजारच्या गल्लीतल्या एकाकडून घेतलेले १५,००० रुपये.

हे घर एकच एक नाही. वस्तीत काम करणाऱ्या संस्थांकडे अशी घरं सतत येतात. त्यांचे तपशील जुळवून हे प्रकरण उभं केलं आहे, म्हणजे कोणाची ओळख उघडी पडायला नको. नियम, रकमा आणि अडचणी मात्र खऱ्या आहेत. संस्थाही अशा कामातली नेहमीची धरली आहे : धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला छोटा न्यास, वस्तीत एक कार्यालय, तीन कार्यकर्त्या आणि तातडीच्या मदतीसाठी जेमतेम निधी.

बाई आली ती एकच मागणी घेऊन : “विधवा पेन्शन करून द्या.” तहसीलबाहेरच्या एजंटाने तिला ३,००० रुपयांत सगळं करून देतो म्हणून सांगितलं होतं, आणि त्या ‘सगळ्या’त २१,००० रुपयांचा उत्पन्नाचा दाखलाही होता. तो दाखला काढला असता तर बाकीची अर्धी फाइल तिथेच बिघडली असती. कशी, ते पुढे येईलच.

पिशवीतले कागद

अशा घराची पहिली भेट अर्ज भरण्यात घालवायची नसते. घरातले असतील नसतील तेवढे कागद पिशवीत भरून आणायला सांगायचे आणि एकेक पाहायचा. बाईच्या पिशवीत नवऱ्याचं पासबुक, दोन कर्जकार्डं, बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड, गावच्या शिधापत्रिकेची झेरॉक्स, मुलांची आधार कार्डं आणि ससूनचे केसपेपर होते. पासबुक गेल्या डिसेंबरपासून भरून घेतलेलं नव्हतं. ते आधी भरून आणायला पाठवलं.

नोंदी भरून आल्यावर मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ४३६ रुपये वजा झालेले दिसले. त्या खाली आणखी एक नोंद २० रुपयांची. ४३६ म्हणजे प्रधानमंत्री जीवनज्योती विमा आणि २० म्हणजे सुरक्षा विमा. सुरक्षा विमा फक्त अपघाताचा, त्याचा इथे उपयोग नव्हता. जीवनज्योती मात्र आजाराने झालेल्या मृत्यूलाही लागू होतो आणि रक्कम २ लाख रुपये. वर्ष १ जून ते ३१ मे, त्यामुळे ऑगस्टमधला मृत्यू त्यात बसत होता. कधीतरी बँकेतल्या माणसाने एका कागदावर सही घेतली होती, एवढंच घरात कोणाला तरी आठवत होतं. विमा आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं. पासबुकातली ४३६ ची ओळ शोधणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त पैसे मिळवून देणारं काम आहे. तरी मदतकेंद्राच्या छापील फॉर्ममध्ये ‘पासबुक तपासलं का’ असा रकाना क्वचितच असतो.

हा दावा शक्यतो ३० दिवसांत बँकेकडे द्यायचा असतो. उशीर झाला म्हणजे हक्क संपला असं नाही, पण मग उशिराचं कारण लिहीत बसावं लागतं. दाव्याचा फॉर्म, मृत्यू दाखला, नामनिर्देशित व्यक्तीचं आधार आणि रद्द केलेला धनादेश किंवा पासबुकाचं पहिलं पान, एवढं लागतं. आणि इथेच पहिली गाठ बसली : नॉमिनी म्हणून नाव होतं सासूचं. खातं लग्नाआधीचं.

विमा कंपनी पैसे नॉमिनीलाच देणार. बाईच्या माहेरच्यांनी ‘कोर्टात जा’ असा सल्ला दिला होता. या रकमेसाठी आणि या घरासाठी तो चुकीचा होता, कारण दोघी एकाच खोलीत राहतात आणि आजी नातवंडांच्या जिवावर उठलेली नाही. कार्यकर्तीने दोघींना एकत्र बसवून रक्कम किती, कोणाच्या खात्यात येणार आणि नंतर तिचं काय करायचं हे बोलून घेतलं. ठरलं असं : रक्कम आजीच्या खात्यात जमा झाल्यावर सव्वा लाख मुलीच्या नावाने पोस्टात मुदत ठेव, बाकीचे घरखर्चाला आणि देण्याला. हे कागदावर लिहून दोघींच्या सह्या घेतल्या. कायद्यापुढे त्या कागदाला फारसं वजन नाही, पण घरात त्याचा धाक राहतो.

मृत्यू दाखल्यावरचं नाव

दावा अडला मृत्यू दाखल्यावर. ससूनमध्ये दाखल करताना सोबत गेलेल्या मित्राने घरात हाक मारायचं नाव सांगितलं होतं, वय अंदाजाने ४५ लिहिलं गेलं आणि पत्ता गावचा. रुग्णालयातल्या मृत्यूची खबर रुग्णालयच जन्म-मृत्यू निबंधकाला कळवतं आणि केसपेपरवरचंच नाव पुढे जातं. महापालिकेकडून दाखला आला तो त्याच नावाचा. आधारवर नाव वेगळं, बँकेत आधारचं नाव.

अशा वेळी लोक नोटरीकडे जाऊन ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र करतात आणि ते प्रत्येक अर्जाला जोडत राहतात. एखादी बँक ते मानते, दुसरी नाही, आणि पोर्टलवर तर ते चढवायला जागाच नसते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ प्रमाणे निबंधकाकडून मूळ नोंदच दुरुस्त करून घेणं हाच खरा उपाय. जुनी नोंद खोडली जात नाही, समासात दुरुस्ती लिहून निबंधक तारखेसह सही करतो आणि नवा दाखला दुरुस्त नावाने निघतो. त्यासाठी नवऱ्याचं आधार, पॅन किंवा शाळा सोडल्याचा दाखला यांसारखा मृत्यूच्या आधीचा पुरावा, पत्नीचं प्रतिज्ञापत्र आणि रुग्णालयाचे कागद लागतात. नाव, वय आणि पत्ता अशा तिन्ही दुरुस्त्या एकाच अर्जात मागायच्या. नाहीतर नाव दुरुस्त होऊन येतं आणि वयासाठी पुन्हा रांग.

प्रतिज्ञापत्राबद्दल एक सांगून ठेवायला हवं. बाहेरचे लोक ५०० रुपयांचा मुद्रांक घ्यायला लावतात. शासकीय कार्यालयात दाखल्यांसाठी सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे, आणि बऱ्याच दाखल्यांना तर साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालतं. खिडकीवरच्या कारकुनाने तरीही मुद्रांक मागितला तर ‘कोणत्या आदेशाने, ते लिहून द्या’ एवढं म्हटलं की बहुधा साधा कागद चालतो.

दाखला दुरुस्त होईपर्यंत बाकी अर्ज थांबवले. हा निर्णय बाईला पटवणं अवघड गेलं, कारण शेजारणी विचारत होत्या की संस्थेत जाऊन काय झालं. पण चुकीच्या नावाच्या दाखल्यावर पाच अर्ज केले असते तर पाच ठिकाणी चुकीचं नाव चढलं असतं. दुरुस्त दाखल्याच्या मात्र एकदम आठ प्रती घेतल्या. त्या सगळ्या लागल्या.

आधी हप्ते थांबवा

थांबायचं नव्हतं ते कर्जाच्या बाबतीत. दोन गटांचे मिळून महिन्याला ४,९०० रुपये जात होते आणि उत्पन्न ७,५००. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे अशा कर्जांचे सगळे हप्ते मिळून घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त असू नयेत. कर्ज देताना नवऱ्याची कमाई धरलेली होती, म्हणून तेव्हा ते मर्यादेत होतं. तो गेला आणि हप्ते मात्र तेवढेच राहिले.

कर्जकार्डाच्या मागच्या बाजूला किंवा मंजुरीपत्रात विम्याच्या हप्त्याची ओळ असते, ती वाचायची. गटाच्या कर्जात कर्जदार बाई असली तरी बरेचदा विमा बाई आणि नवरा दोघांचा काढलेला असतो, आणि नवरा गेला तर उरलेलं कर्ज विम्यातून फिटतं. पहिल्या कर्जाच्या कार्डावर तसंच होतं. ‘पती’ या रकान्यात नाव, वय आणि विम्याची रक्कम. वसुलीला येणाऱ्या मुलाने हे सांगितलं नव्हतं. त्याला स्वतःलाही नीट माहीत नसावं. बाईने नवऱ्याच्या दहाव्यानंतर दोन हप्ते भरलेही होते. संस्थेने शाखेला लेखी पत्र दिलं : मृत्यूची तारीख, कर्ज क्रमांक, विमा दाव्याचा फॉर्म द्या आणि दाव्याचा निर्णय होईपर्यंत हप्ता थांबवा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि पोच घेतली. भरलेले दोन हप्तेही त्याच दाव्यात परत मागितले.

दुसऱ्या कर्जात विमा फक्त बाईचा होता. तिथे माफी नाही. फक्त मुदत वाढवून हप्ता कमी करून मागता येतो आणि तो शाखेच्या मर्जीवर. शाखेने हप्ता २,५०० वरून १,४०० वर आणला, कर्जाची मुदत लांबली. व्याज एकूण जास्त जाणार, हे बाईला आकड्यात सांगून मगच होकार घेतला.

वसुलीच्या पद्धतीचे नियम तिला एका कागदावर लिहून दिले : सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन किंवा भेट नाही; वसुली ठरलेल्या जागी; तिथे ती लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा आली नाही तरच घरी यायचं. गटातल्या बाकीच्या बायकांचा दबाव हा वेगळाच विषय आहे, त्याला रिझर्व्ह बँकेचा नियम लागत नाही. गटाची प्रमुख बाई आणि बाकीच्या चौघींना पत्राची प्रत दाखवली, तेव्हा कुठे कुरकुर थांबली. विम्याचं कळल्यावर त्यांतल्या एकीने आपलंही कार्ड काढून आणलं.

शेजारच्या १५,००० वर महिना दहा टक्के व्याज होतं. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय हा धंदा करता येत नाही, आणि परवाना असला तरी शेतकरी नसलेल्याला विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांहून जास्त व्याज लावता येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे करता येते. बाईने तक्रार नको म्हटलं, कारण त्याच गल्लीत राहायचं आहे. मग कायद्याचं कलम न काढता संस्थेच्या वतीने बोलणं झालं : विम्याचे पैसे आले की मुद्दल एकरकमी, तोवर व्याज नाही. माणूस तयार झाला. कायद्याने तिला याहून जास्त मिळालं असतं, पण गल्लीत राहणं अवघड झालं असतं.

उत्पन्नाचा आकडा

आता तो २१,००० चा दाखला.

बाई जिला ‘विधवा पेन्शन’ म्हणत होती ती संजय गांधी निराधार अनुदान योजना राज्यात १९८० पासून आहे. विधवेला महिना १,५०० रुपये मिळतात. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. म्हणजे महिन्याला १,७५०, दिवसाला ५८ रुपयेही नाहीत. पुण्यात दोन हजारांचं एकच घर धरलं तरी बाई या मर्यादेच्या बाहेर जाते. मग तहसीलबाहेर २१,००० चे दाखले विकले जातात यात नवल काय? या मर्यादेने खोटं बोलणाऱ्याला वाट आणि खरं बोलणाऱ्याला भिंत केली आहे, असं या कामातल्या बहुतेकांचं मत आहे.

पण प्रश्न फक्त नीतीचा नाही. एकाच घराचं उत्पन्न वेगवेगळ्या योजना वेगवेगळ्या चौकटीत मोजतात. शहरी भागात शिधापत्रिकेवर प्राधान्य कुटुंबाला मिळणाऱ्या धान्याला ५९,०००. मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वाला, म्हणजे मुलांसाठीच्या महिन्याच्या मदतीला, शहरात ९६,०००. खासगी शाळेत आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) मोफत प्रवेशाला १ लाख. धर्मादाय रुग्णालयात निर्धन रुग्ण म्हणून मोफत खाटेला १ लाख ८० हजार. लाडकी बहीणला अडीच लाख. बाईचं खरं उत्पन्न वर्षाला ९०,०००. हा आकडा २१,००० आणि ५९,००० च्या वर आहे आणि बाकी सगळ्यांच्या खाली. दाखले एकाच संगणकीय यंत्रणेतून, क्रमांक आणि बारकोडसह निघतात. एकाच वर्षात या घराचा एक दाखला २१,००० चा आणि दुसरा ९०,००० चा निघाला तर पुढे कोणीतरी दोन्ही समोर ठेवणारच, आणि तेव्हा मुलांची फाइल उघडी असेल.

शिवाय बाईला २१,००० ची गरजच नव्हती. केशरी शिधापत्रिकेवर तिला लाडकी बहीणचे १,५०० आधीपासून मिळत होते. शासनाच्या दुसऱ्या योजनेतून १,५०० किंवा अधिक मिळत असतील तर लाडकी बहीण बंद होते. म्हणजे ३,००० रुपये एजंटाला देऊन, खोटा दाखला काढून, हाती येणार होते तेच १,५००. हा हिशेब समोर मांडल्यावर ती हसली, आणि ‘विधवा पेन्शन’ हा मूळ विषय तिथेच मिटला. संजय गांधी योजना जुनी आहे, सरकारं बदलली तरी टिकलेली आहे, म्हणून काही जण तीच घ्या म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण दाखला खरा निघत नसेल तर तो युक्तिवाद तिथेच संपतो. लाडकी बहीणच्या ई-केवायसीत पतीच्या आधारवर ओटीपी मागितला जातो, तिथे मात्र विधवा अडकतात. त्यासाठी दुरुस्त मृत्यू दाखल्याची एक प्रत अंगणवाडी सेविकेकडे दिली.

राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २०,००० रुपये कमावत्या माणसाच्या मृत्यूनंतर मिळतात, पण दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव लागतं. ते गावच्या यादीत नव्हतं. हा अर्ज केला नाही. नाकारलाच जाणार असलेला अर्ज करून बाईचे दोन दिवसांचे खाडे करण्यात अर्थ नव्हता. एका खाड्याला दोन घरांचे पैसे कापले जातात.

दाखला खऱ्या आकड्याचाच काढायचा ठरला, तरी त्यात एक खाच होती. दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा निघतो आणि त्या वर्षात नवरा जिवंत होता, कमावत होता. त्याची कमाई धरली तर उत्पन्न दोन लाखांवर जातं आणि मुलांच्या योजना हातून जातात. म्हणून अर्जासोबत मृत्यू दाखला जोडला आणि कमावता माणूस गेल्याची नोंद तलाठ्याच्या चौकशी अहवालात आवर्जून करून घेतली. बाईच्या चारही मालकिणींकडून पगाराचं साधं पत्र मागितलं. दोघींनी दिलं, एकीने ‘सही कशाला’ म्हणून टाळलं, चौथी परदेशात होती. दोन पत्रं आणि बाईचं स्वयंघोषणापत्र पुरलं. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे. अर्जाची पावती जपून ठेवली तरच अपील करता येतं, आणि कसुरी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अपील करावं लागलं नाही. पावती घेऊन चौकशीला गेल्यावर दाखला मिळाला.

गावचं कार्ड पुण्यात

शिधापत्रिका गावची, आजी कुटुंबप्रमुख. कार्डावर आजी, नवरा, बाई आणि मुलगी. मुलाचं नाव सात वर्षांत कोणी चढवलंच नव्हतं. माणशी ५ किलोप्रमाणे २० किलो धान्य, ते आजी गावी गेली की उचलायची. सलग सहा महिने न उचललेलं कार्ड निष्क्रिय होण्याचा नियम आहे, त्यातून ते आजीच्या फेऱ्यांमुळे वाचलं होतं.

इथेही एजंटाचा सल्ला होता, गावचं कार्ड रद्द करून पुण्याचं काढा. तसं केलं असतं तर ५९,००० च्या मर्यादेत न बसल्याने नवं कार्ड प्राधान्य गटाबाहेरचं निघालं असतं आणि धान्य शून्य झालं असतं. एक देश एक रेशनकार्ड व्यवस्थेत गावच्या कार्डावर पुण्यातल्या कोणत्याही दुकानातून धान्य मिळतं, अर्धं इथे आणि अर्धं गावी असंही उचलता येतं. तेवढंच वापरायचं ठरलं. काटेकोर बोलायचं तर ९०,००० हे ग्रामीण भागाच्या ४४,००० च्या मर्यादेतही बसत नाही. या मर्यादा २०१३ मध्ये ठरल्या. फेरतपासणी झाली तर कार्ड जाऊ शकतं, आणि तपासणीच्या फॉर्मवर उत्पन्न विचारलं तर ९०,०००च लिहायचं, हे बाईला आधीच सांगून ठेवलं.

नवऱ्याचं नाव कमी करणं आणि मुलाचं चढवणं ही कामं गावच्या तहसीलच्या पुरवठा शाखेची. नाव कमी करायचा अर्ज आधी केला तर १५ किलोवर यावं लागतं. म्हणून दोन्ही अर्ज एकाच दिवशी दिले. मुलाचं अडलं आधारवर. त्याचं आधार तान्हेपणीचं, बोटांचे ठसे नसलेलं. पाचव्या वर्षी बायोमेट्रिक करून घ्यायचं राहून गेलेलं. ते झाल्याशिवाय ई-केवायसी होत नाही. आधी आधार केंद्र, मग जन्म दाखला जोडून पुरवठा शाखा, असा क्रम लावला. आजीचे ठसे भांडी घासून घासून गेलेले, अंगठा यंत्रावर लागत नव्हता. दुकानदार ‘उद्या या’ म्हणत राहिला. बुबुळाच्या यंत्रावर तो प्रश्न सुटला. दुकानात ते यंत्र होतं, खोक्यात.

मुलांची फाइल

सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत एका मुलाला महिना २,२५० रुपये मिळतात. मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वात ४,०००. एका मुलाला एका वेळी एकच. दोन्हींची वाट महिला व बालविकास खात्यातूनच जाते. बालसंगोपनाला बालकल्याण समितीचा आदेश लागतो आणि वात्सल्यची निवड जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून मंजुरी समितीपुढे जाते. वात्सल्यमध्ये मुलांची संख्या निधीनुसार ठरते, त्यामुळे पात्र असणं आणि मिळणं यांत बरंच अंतर असतं. संस्थेने वात्सल्यसाठी अर्ज केला आणि ते न झाल्यास बालसंगोपन द्यावं असं त्याच पत्रात लिहिलं.

कागद : मृत्यू दाखला, उत्पन्न दाखला, दोन्ही मुलांची शाळेची बोनाफाईड, आधार, राहत्या पत्त्याचा पुरावा, घरासमोर मुलांसह आईचा फोटो, आणि प्रत्येक मुलाचं बँक खातं. पत्त्याचा पुरावा नेहमीप्रमाणे नव्हता, कारण खोलीमालक भाडेकरार करत नाही आणि लाइट बिल त्याच्या नावाचं. तातडीच्या निधीतून एका महिन्याचं थकलेलं भाडं द्यायचं होतंच. ते रोख न देता संस्थेच्या खात्यातून थेट मालकाच्या खात्यात दिलं आणि पावती मागितली. पैसे येणार म्हटल्यावर पावती मिळाली, पत्त्यासह. ३,५०० रुपयांत भाडंही गेलं आणि पुरावाही आला.

बँक खात्यात होणारी गफलत सगळीकडे सारखी. थेट लाभाचे पैसे आधार ज्या बँकेशी शेवटी जोडलं त्या खात्यात जातात, अर्जावर लिहिलेल्या खात्यात नाही. शाळेने शिष्यवृत्तीसाठी मुलीचं खातं दुसऱ्याच बँकेत उघडलं होतं. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती पाहून मगच खाते क्रमांक अर्जावर लिहिला. ही पाच मिनिटांची तपासणी न केल्याने लोक वर्षभर चुकीचं पासबुक भरत राहतात.

अर्ज चालू असतानाच बाईला पाचवं घर मिळत होतं, १,५०० रुपयांचं. ते घेतलं तर वर्षाचं उत्पन्न १,०८,००० होतं आणि ९६,००० ची मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे महिना १,५०० साठी महिना ८,००० ची शक्यता घालवायची. कार्यकर्तीने दोन्ही आकडे तिच्यापुढे ठेवले आणि सल्ला दिला नाही. तिने घर घेतलं. तिचं म्हणणं सरळ होतं : पगार एक तारखेला येतो, योजना येते तेव्हा येते. हे पैसे खरंच कित्येक महिन्यांनी आणि एकदम येतात, त्यामुळे तिचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. कक्षाला बदललेलं उत्पन्न लेखी कळवलं आणि अर्ज बालसंगोपनावर वळवला. दोन मुलांचे ४,५०० मंजूर झाले. शाळा सोडून कामाला जायचं मुलीच्या डोक्यात होतं. आदेशावर तिचं नाव आणि शाळेचं नाव छापून आल्यावर तो विषय तूर्त मागे पडला.

देणगीदार कंपनीने या घराचा फोटो आणि ‘यशोगाथा’ मागितली होती. दिली नाही. बालकल्याण समितीपुढे आलेल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ ने मनाई आहे. कंपनीच्या अहवालात हे घर ‘लाभार्थी ४’ एवढंच आहे. एका दिवसात चारशे वह्या वाटल्या की ‘लाभार्थी ४००’ लिहिता येतं, हे त्या रकान्याचं दुखणं.

जे अजून अडलेलं आहे

नवरा बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदलेला होता. नैसर्गिक मृत्यूनंतर वारसाला २ लाख आणि विधवेला पाच वर्षं दरवर्षी २४,००० अशा तिथल्या योजना आहेत. पण नूतनीकरण एप्रिलमध्ये करायचं राहिलं होतं आणि मृत्यू ऑगस्टमध्ये. पोर्टलवर नोंदणी निष्क्रिय दिसते आणि अर्ज पुढेच जात नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार अधिनियमाचं कलम १७ म्हणतं की सलग किमान एक वर्ष वर्गणी भरली नाही तर लाभार्थीपण संपतं. इथे चारच महिने झाले होते. हा मुद्दा मांडून मंडळाच्या सचिवांच्या नावे लेखी अर्ज दिला आहे, सोबत ठेकेदाराचं ९० दिवसांच्या कामाचं प्रमाणपत्र. पोर्टल नाही म्हणतं म्हणून अर्ज सोडून देणं ही या ठिकाणी होणारी नेहमीची चूक. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. उत्तर आलेलं नाही. आल्यावर ते नकाराचं असेल तरी लेखी हवं, कारण पुढे जायला तोच कागद लागणार.

आजीच्या श्रावणबाळला, म्हणजे वृद्धांच्या पेन्शनला, तीच २१,००० ची भिंत आडवी आली. मुख्यमंत्री वयोश्रीचे एकदाच मिळणारे ३,००० मात्र २ लाखांच्या मर्यादेत बसतात, तो अर्ज समाजकल्याण कार्यालयात आहे. त्यातून चष्मा आणि काठी येईल. बाईची घरेलू कामगार म्हणून नोंदणी कामगार आयुक्त कार्यालयात करायची आहे. त्याला मालकिणीच्या सहीचं प्रमाणपत्र लागतं आणि पुन्हा त्याच दोन सह्या कामाला येतील.

फाइलच्या पहिल्या पानावर आता तारखा आहेत. बालसंगोपनाच्या आदेशाचं नूतनीकरण, त्याआधी एप्रिलमध्ये नवा उत्पन्न दाखला, तो १,०८,००० चा. विम्याची रक्कम जमा झाली की १५,००० ची फेड आणि मुलीची ठेव. बाईने स्वतःच्या खात्यावर जीवनज्योती आणि सुरक्षा विमा सुरू केले आहेत, म्हणून २५ मे च्या आधी त्या खात्यात ४३६ आणि २० मिळून ४५६ रुपये शिल्लक हवेत. नॉमिनी मुलगी, ती १८ ची होईपर्यंत तिच्या वतीने रक्कम स्वीकारणारी व्यक्ती म्हणून आजीचं नाव.